एक हात बाळावर

रांगणारं बाळ एके दिवशी सोफ्याला धरून उभं राहतं. घरात आनंदीआनंद होतो, व्हिडिओ काढला जातो, गावी आजी-आजोबांना पाठवला जातो. पण त्याच दिवसापासून घरातली एक जागा बदललेली असते आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती जागा म्हणजे बाथरूम. कालपर्यंत टबात बसून पाणी उडवणारं बाळ आता टबाची कड धरून उभं राहणार आहे. टब तोच, साबण तोच, पाणीही तेवढंच, पण घसरण्याचा धोका मात्र नवा.

एक ते तीन वर्षांच्या मुलांची अंघोळ हा आजचा विषय त्यासाठीच.

पाट गेला, टब आला

तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालण्याची आपली जुनी पद्धत तुम्ही पाहिली असेल. आजी किंवा अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी पाटावर बसतात, पाय लांब करतात आणि बाळाला नडग्यांवर घेतात. या पद्धतीत एक गोष्ट आपोआप होते. बाळ पूर्ण वेळ मोठ्या माणसाच्या अंगाला लागून असतं. तांब्या घ्यायला हात उचलला तरी बाळाची हालचाल पायांना कळत असते.

पुढे बाळ मोठं होतं, पायांवर मावत नाही आणि घरात प्लॅस्टिकचा टब येतो. टबामुळे अंघोळ सोपी होते, पाठ दुखत नाही, बाळही खूश असतं. पण टब आपले हात मोकळे करतो आणि मोकळा हात लगेच दुसऱ्या कामाला लागतो. साबण शोधतो, टॉवेल ओढतो, वाजणारा फोन उचलतो. मूल घसरतं ते नेमकं या दोन-तीन सेकंदांत.

म्हणून आजच्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: मूल पाण्यात असेपर्यंत तुमचा एक हात त्याच्या अंगावर किंवा अंगाला लागेल इतका जवळ हवा. चटई, सीट, टबाला बसवलेली दांडी या सगळ्या गोष्टी नंतरच्या.

मूल इतक्या पटकन का घसरतं?

जन्माच्या वेळी बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या साधारण पाव भाग असतं. मोठ्या माणसात ते उंचीच्या सातव्या-आठव्या भागाइतकंच राहतं. एक-दोन वर्षांच्या मुलाचं डोकंही शरीराच्या मानाने जडच असतं. त्यामुळे तोल गेला की ते डोक्याच्या दिशेने पडतं आणि हात टेकून स्वतःला सावरणं त्याला अजून जमत नाही.

त्यात आपल्या घरांतली काही कारणं भर घालतात. पहिलं कारण तेल. मालिश झाली की लगेच अंघोळ, ही बहुतेक घरांची रीत. तेल लावलेलं अंग हातातून निसटतं आणि तेलकट तळवे टबात टिकत नाहीत. मालिशनंतर मुलाचे तळपाय, तळहात आणि काखा कोरड्या फडक्याने पुसा, मगच त्याला पाण्यात बसवा. डाळीच्या पिठाने तेल काढत असाल तर आधी पायांपासून सुरुवात करा.

दुसरं कारण साबणाचं पाणी. ते टबाच्या तळाशी पातळ थर धरतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साबणाचा चिकट, पांढरट थर टबाला आणि फरशीला बसतो. ओला झाला की तोही निसरडा होतो. आठवड्यातून एकदा टब घासून धुवा आणि उन्हात वाळवा. फरशीसाठी ॲसिडचं क्लीनर वापरत असाल तर त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू तयार होतो.

तिसरं कारण फरशी. भिंतीला लावायच्या गुळगुळीत टाइल्स काही घरांत जमिनीवरही असतात. भाड्याच्या घरात त्या बदलता येत नाहीत, पण टबाशेजारी खालून रबर असलेलं पायपुसणं टाकता येतं. नुसता टॉवेल टाकू नका, ओल्या टाइलवर तोच सरकतो.

पाणी काढण्याआधीची दोन मिनिटं

अंघोळीत हात सुटतो तो बहुतेक वेळा काहीतरी आणायचं राहिलं म्हणून. त्यामुळे मुलाला बाथरूममध्ये आणण्याआधी साबण, तांब्या, टॉवेल, कपडे आणि डायपर हाताशी ठेवा. बसल्या जागेवरून हात लांब करून बघा. जी वस्तू घ्यायला उठावं लागतं, ती जवळ आणा.

टब जमिनीवरच ठेवा. स्टूलवर, कमोडच्या झाकणावर किंवा ओट्यावर ठेवलेला टब उभं राहणाऱ्या मुलाच्या वजनाने कलंडू शकतो. टबाला घडीचे पाय असतील तर आता ते मिटवून टाका.

पाणी आधी काढा, मूल नंतर बसवा. आधी थंड पाणी, मग त्यात गरम. हाताने ढवळून कोपर बुडवून बघा. कोपराला कोमट लागलं पाहिजे. थर्मामीटर असेल तर 37 ते 38 अंश सेल्सिअस पुरेसं आहे. मूल बसलं की पाणी त्याच्या बेंबीच्या वर जाऊ देऊ नका.

गिझरचं तापमान 49 अंशांच्या आत ठेवावं. आकडे नसतील तर बटण सर्वांत कमीवर ठेवून पाण्याचा अंदाज घ्या. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत खोलवर भाजू शकतं आणि लहान मुलांची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते. घसरणारं मूल हाताला लागेल ते धरतं. कधी ती नळाची चकती असते, कधी कढत पाण्याच्या बादलीची कड. म्हणून गरम बादली मुलाच्या हाताबाहेर ठेवा. हीटरच्या रॉडने पाणी तापवत असाल तर मूल आत येण्याआधी प्लग काढून रॉड बाहेर नेलेला असू द्या.

टबात बसल्यावर

टबाच्या आत चोषकांची, म्हणजे खालून रबरी वाट्या असलेली चटई घाला. ती गुळगुळीत तळावरच चिकटते. खडबडीत तळावर किंवा टाइलच्या सांध्यांवर ती धरत नाही. पाणी भरण्याआधी चटई दाबून बसवा आणि ओढून बघा. अंघोळ झाली की उचलून वाळत घाला, नाहीतर खाली बुरशी धरते आणि तीही निसरडी असते.

बाजारात मिळणाऱ्या बाथ सीट आणि रिंग मुलाला बसतं ठेवायला आहेत, सांभाळायला नाहीत. त्यांची पकड सुटू शकते, मूल त्यातून खाली सरकू शकतं. सीट आहे म्हणून हात काढायचा नाही.

मुलाची पाठ नळाकडे करा आणि नळाला जाड फडकं गुंडाळा. खेळणी मुलाच्या मांडीजवळ ठेवा. दूर तरंगणारं बदक पकडायला मूल वाकतं किंवा उठतं. शाम्पूचा फेस डोळ्यांत गेला की ते दचकून उभं राहतं, म्हणून केस धुताना त्याला वर छताकडे बघायला सांगा आणि कपाळावर घडी केलेलं फडकं धरा. साबण आणि केस शेवटी ठेवा. आधी खेळू द्या, मग साबण, मग लगेच बाहेर. निसरड्या पाण्यात मूल जितका कमी वेळ राहील तितकं चांगलं.

आणि एक वाक्य ठरवून घ्या: "पाण्यात बसायचं, बाहेर उभं राहायचं." रोज तेच वाक्य, त्याच शब्दांत. मूल उभं राहिलं की शांतपणे खाली बसवा. पुन्हा उभं राहिलं की अंघोळ संपली. ओरडायचं नाही, बागुलबुवाची भीतीही घालायची नाही. दीड वर्षाच्या मुलाला नियम आठवत नाही, पण रोज तेच घडलं की त्याची सवय लागते.

बाहेर काढताना

सर्वांत धोक्याचा क्षण हाच. मूल ओलं, तुमचे हात ओले, फरशी ओली. आधी मुलाच्या अंगावरचा साबण पूर्ण जाऊ द्या. एक हात पाठीमागून नेऊन त्याचा पलीकडचा दंड धरा, दुसरा हात मांड्यांखाली घाला आणि उचलताच टॉवेलमध्ये गुंडाळा. तुमची स्वतःची पावलं घट्ट हवीत. पदर किंवा ओढणी खोचलेली, पायात पकड असलेली रबरी चप्पल. मूल कडेवर असताना मोठं माणूस घसरलं तर मार दोघांनाही लागतो.

मग टब लगेच रिकामा करून पालथा घाला. बादलीही भरून ठेवू नका. लहान मुलाचं नाक-तोंड झाकायला दोन-तीन सेंटीमीटर पाणी पुरतं आणि बुडणारं मूल ओरडत नाही, आवाजही होत नाही. पाण्याची टंचाई असलेल्या भागात बादल्या भरून ठेवाव्याच लागतात. तिथे घट्ट झाकण आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून वर लावलेली कडी हवी.

घरात सगळ्यांचा एकच नियम

अंघोळ रोज आईच घालते असं नाही. कधी बाबा, कधी आजी, कधी सांभाळणाऱ्या ताई. दारावरची बेल, कुकरची शिट्टी, ऑफिसचा फोन यांतलं काहीही आलं तरी दोनच पर्याय, हे सगळ्यांना सांगा: वाजू द्यायचं किंवा मुलाला टॉवेलमध्ये गुंडाळून सोबत न्यायचं. चार-पाच वर्षांच्या ताई-दादाला "जरा लक्ष ठेव" म्हणून बसवणं हा तिसरा पर्याय नाही.

आजी म्हणतील, "आम्ही एवढी मुलं वाढवली, काही झालं नाही." त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या पायांवरच्या अंघोळीत बाळाला सतत स्पर्श होता, तोच आपल्याला टबात हवाय, असं सांगा. त्यांना ते तुमच्यापेक्षा लवकर पटेल. मात्र त्यांचे गुडघे दुखत असतील, खाली बसून उठता येत नसेल, तर त्या गाणी म्हणतील आणि उचलायचं काम दुसऱ्या कुणी करायचं, अशी वाटणी करा.

तरीही पडलंच तर

घाबरून मुलाला हलवू नका. ते लगेच रडलं, थोड्या वेळात शांत झालं आणि नेहमीसारखं खेळू लागलं तर टेंगळावर थंड पाण्याची घडी ठेवा आणि पुढचे 24 तास लक्ष ठेवा. पण पुढीलपैकी काहीही दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठा:

- शुद्ध हरपणं, क्षणभर का होईना
- पुन्हा पुन्हा उलटी
- नेहमीची झोपेची वेळ नसताना गुंगी, उठवायला त्रास
- झटके
- नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव
- हात-पाय न हलवणं, विचित्र चाल, न थांबणारं रडणं

मान दुखावल्यासारखी वाटली तर मुलाला जागेवरून न हलवता 112 किंवा 108 वर फोन करा.

मूल पाण्याखाली गेलं असेल तर आधी बाहेर काढा. पाणी काढायला उलटं धरून फिरवू नका, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास नसेल तर मदतीला हाक मारा, 112 वर फोन लावायला सांगा आणि तोंडाने श्वास व छातीवर दाब देणं लगेच सुरू करा. हे आधी शिकलेलं असेल तर हात थरथरत नाहीत. तुमच्या शहरात सीपीआरचं प्रशिक्षण मिळत असेल तर घरातल्या दोघांनी तरी ते घ्या. मूल शुद्धीवर आलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

भाजलं असेल तर 20 मिनिटं नळाचं गार पाणी सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको.

उद्याच्या अंघोळीआधी

चटई ऑनलाइन मागवली तरी यायला चार दिवस लागतील. उद्या सकाळी मात्र तीन गोष्टी पैसे न घालता करता येतील. टब जमिनीवर आणा. सगळं सामान हाताच्या अंतरावर ठेवा. फोन बाहेरच्या खोलीत ठेवून या. मग बाळाला पाण्यात बसवा आणि एक हात त्याच्या पाठीवर असू द्या. दुसऱ्या हाताने तांब्या धरून न्हाऊ घालणं सुरुवातीला अवघड वाटेल, पण आठवड्याभरात ते अंगवळणी पडतं.