जुनी मोटार : माया आणि विवेक

बीड जिल्ह्यात एके काळी वाड्यापुढे उभी असलेली अँबॅसिडर ही घराण्याच्या प्रतिष्ठेची खूण मानली जाई. बंगालमधील उत्तरपाडा येथे तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पंधरा वर्षांवरील सर्वसाधारण सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आली; खासगी मालकाला मात्र तपासणीअंती पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते. ही सवलत म्हणजे अभयदान नव्हे. मांजरसुंब्याच्या घाटात ब्रेक मालकाच्या मायेवर लागत नाहीत. सांगाडा गंजला, सुटे भाग मिळेनासे झाले, तर तिला निरोप देणेच इष्ट. परंतु गाडी धडधाकट असताना, केवळ शेजाऱ्याच्या झगमगाटापायी, अवर्षणाच्या या मुलखात कर्ज काढून नवी मोटार घेणे हा खचितच शहाणपणा नव्हे. आधी मेस्त्रीकडून कसून तपासणी आणि मगच निर्णय, हाच क्रम योग्य होय.