जंतू 'रेझिस्टंट निघाला', पण आला कुठून?

गेल्या महिन्यात एका मित्राच्या वडिलांसाठी आयसीयूबाहेर चार रात्री काढल्या. ॲडमिट केलं होतं स्ट्रोकसाठी. व्हेंटिलेटर लागला, सहाव्या दिवशी ताप चढला आणि नवव्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "काकांना इन्फेक्शन झालंय, जंतू रेझिस्टंट निघालाय. लोक मेडिकलमधून मनाला येईल तशी अँटिबायोटिक्स घेतात ना, त्याचा हा परिणाम."

मित्र मान खाली घालून ऐकत होता, जणू त्याच्या बापानेच गुन्हा केला. त्या माणसाने उभ्या आयुष्यात क्रोसिनच्या पुढची गोळी घेतली नसेल.

हे वाक्य आता प्रत्येक आयसीयूच्या दारात ऐकू येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. चिठ्ठीशिवाय औषधं विकली जातात, हे कबूल. त्यासाठी 2014 पासून शेड्यूल एच-वन लागू आहे, दुकानदाराने रजिस्टर ठेवायचं असतं, ते किती जण ठेवतात तुम्हालाही माहीत आहे. पण काका घरून येताना फुप्फुसात क्लेबसिएला घेऊन आले नव्हते. व्हेंटिलेटरच्या पेशंटला नवव्या दिवशी होणारं इन्फेक्शन बहुतेक वेळा हॉस्पिटलातच लागलेलं असतं. ते पसरतं हातांवरून, सक्शनच्या नळीतून, कॅथेटरवरून, बेसिनमधून. ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू तर कॉटच्या कोरड्या दांडीवरही आठवडेच्या आठवडे तग धरतो.

आणि हात धुणार कोण? रात्री दोन वाजता काचेतून मी पाहत होतो, तीन व्हेंटिलेटर आणि एकच सिस्टर. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक पेशंटमागे एक नर्स असावी असा संकेत आहे. एक अलार्म वाजला की ती बिचारी पळत जाणार, दुसरा वाजला की तशीच तिकडे. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्यासोबत अजून दोघी नेमायच्या नाहीत हा निर्णय वर, एसी केबिनमध्ये झालेला असतो.

पुढे औषधांचं. मेरोपेनेम चाललं नाही म्हणून कोलिस्टिन सुरू झालं. हे काही नवं जादूचं औषध नाही, 1950 च्या दशकातलं आहे. किडनीला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी ते जवळपास अडगळीत टाकलं होतं, बाकीची निकामी झाल्यावर परत काढलं. आणि हेच शेवटचं शस्त्र आपण कोंबड्यांच्या खाद्यात घालत होतो, वजन वाढावं म्हणून! केंद्राने त्यावर बंदी घातली ती 2019 मध्ये. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम हे नवं महागडं इंजेक्शन आहे, पण एनडीएम एन्झाइमवाल्या जंतूंवर ते एकटं चालत नाही, सोबत ॲझ्ट्रिओनाम द्यावं लागतं. एनडीएममधला एनडी म्हणजे नवी दिल्ली. 2010 मध्ये ते नाव जगासमोर आलं तेव्हा आपण देशाची बदनामी झाली म्हणून भांडलो. जंतूशी भांडायचं राहूनच गेलं.

डॉक्टर मित्रांनो, चिडू नका. सेप्सिसच्या पेशंटला रिपोर्टची वाट न बघता तगडं अँटिबायोटिक द्यावं लागतं, कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, हे मान्य. प्रश्न असा, की पहिल्या डोसच्या आधी ब्लड कल्चर घेतलं का? आणि साध्या औषधाने भागेल असा रिपोर्ट आल्यावर मोठं औषध बंद केलं का? "असू दे, चालू राहू दे" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

काकांचं क्रिएटिनिन 1.1 वरून 4 च्या पुढे गेलं, डायलिसिस लागलं. बिलात ग्लोव्ह्जची जोडी न् जोडी मोजलेली होती. पण या आयसीयूत दर हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे किती जणांना न्यूमोनिया होतो, हे विचारलं तर "ते इंटर्नल असतं". म्हणजे आकडा आहे! एनएबीएच मानांकन असलेल्यांना तो ठेवावाच लागतो. महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायची आहे. त्याच भिंतीवर हा आकडाही लावा, एवढीच मागणी आहे.

यावर उत्तर तयार असतं: आमच्याकडे गंभीर पेशंट येतात, आकडा वाईट दिसेल, जो प्रामाणिकपणे मोजेल तोच बदनाम होईल. मुद्दा खोटा नाही. पण इंग्लंडमध्ये 2001 पासून प्रत्येक सरकारी हॉस्पिटल ट्रस्टला रक्तातल्या एमआरएसए इन्फेक्शनचे आकडे कळवणं सक्तीचं झालं, ते जाहीर होऊ लागले, पुढे निम्म्यावर आणायचं लक्ष्य दिलं आणि ते गाठलंही. तिथेही गंभीर पेशंट असतातच की. कुठल्या प्रकारचे पेशंट, हे आकड्याशेजारी लिहा, वाचणाऱ्याला कळतं.

तुमचं कुणी आयसीयूत असेल तर कल्चर रिपोर्टची कॉपी मागा आणि ती पहिल्या डोसच्या आधीची की नंतरची, तेही विचारा. कमेंटमध्ये हॉस्पिटलांची नावं नकोत. फक्त एवढं लिहा, तुम्ही इन्फेक्शनचा आकडा विचारला होता का, आणि काय उत्तर मिळालं.