सायकलपटूच्या पगाराचं काय?

महाराष्ट्रातल्या लांब पल्ल्याच्या सायकलिंगमधली चार ठळक नावं घेऊ. २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण करणारे नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन, २०१७ साली तीच शर्यत एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय श्रीनिवास गोकुळनाथ, आणि त्यांच्या पाठोपाठ त्याच वर्षी शेवटची रेषा ओलांडणारे नागपूरचे अमित समर्थ. चौघेही डॉक्टर. त्यांतले गोकुळनाथ तर लष्करातले. समर्थ आधी आयर्नमॅन ट्रायथलॉन (सलग पोहणं, सायकल आणि पळणं) करत होते, मग सायकलीकडे वळले. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचं सुमारे ४,८०० किलोमीटरचं अंतर बारा दिवसांच्या मुदतीत त्यांनी ११ दिवस २१ तासांत कापलं आणि पुढच्याच वर्षी नऊ हजार किलोमीटरहून लांब असलेली ट्रान्स-सायबेरियन शर्यतही पूर्ण केली. या माणसांच्या जिद्दीबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. पण चारही नावं एकाच पेशातली निघावीत, याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही. ज्याचं पोट दुसऱ्या कामावर भरतं, तोच आपल्याकडे हा खेळ खेळू शकतो, असा त्याचा अर्थ आहे.

बाहेर क्रम उलटा असतो. ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन वुर्फ २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला, मग सायकलीवर आला, कॅननडेलसारख्या अव्वल व्यावसायिक संघातून युरोपच्या रस्त्यांवर पगारी सायकलपटू म्हणून राबला आणि त्यानंतर ट्रायथलीट झाला. २०१८मध्ये हवाईतल्या आयर्नमॅन विश्वविजेतेपद स्पर्धेत १८० किलोमीटरचा सायकल टप्पा त्याने ४ तास ९ मिनिटांत संपवला. तो तेव्हाचा विक्रम होता. गंमत अशी की, एवढं करूनही तो नववा आला, कारण पुढे पूर्ण मॅरेथॉन पळायची होती. पुढच्या वर्षी तो पाचवा आला. २०२०मध्ये तर इनिऑस संघाने त्याला पुन्हा सायकलपटू म्हणून करारबद्ध केलं. एका आयुष्यात एवढे डाव मांडता आले, कारण मधल्या वर्षांत त्याला पगार होता. अव्वल दर्जाच्या संघांना सायकलपटूंना किमान वेतन द्यावंच लागतं, तसा आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाचा नियम आहे.

असा पगार मिळाला तर आपले शर्यतपटूही ट्रायथलॉनकडे वळू शकतील. पण रस्त्यावरच्या शर्यतीतला मुलगा ट्रायथलॉनला खरंच चालेल का, हा प्रश्न रास्त आहे. आयर्नमॅनच्या एकूण २२६ किलोमीटरपैकी १८० सायकलीवर जातात आणि पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवत जायला तिथे मनाई असते. म्हणजे ज्याच्या मांडीत दम आहे, त्याला तो पुरेपूर वापरता येतो. ऑलिंपिकच्या छोट्या ट्रायथलॉनमध्ये मात्र घोळक्याने सायकल चालवायला मुभा आहे, त्यामुळे तिथे चांगल्या सायकलपटूचा फायदा बराचसा विरघळतो आणि सामना पोहणं-पळण्यावर ठरतो. शिवाय सायकलवरून उतरल्यावर पहिले दोन किलोमीटर मांड्या लाकडासारख्या होतात. ती सवय लावायला सायकलीला लागूनच पळण्याचा सराव करावा लागतो, हँडलवर कोपर टेकवून पुढे झुकायची बैठक शिकावी लागते, आणि हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, इथपासूनचे नियम अंगवळणी पाडावे लागतात. हे सगळं दोन-तीन वर्षांत जमतं. खरी अडचण पोहण्याची. विहिरीत किंवा कालव्यात सूर मारणं वेगळं आणि एका लयीत ३.८ किलोमीटर कापणं वेगळं. त्यासाठी रोज तलाव लागतो, प्रशिक्षक लागतो. शर्यतींच्या वयात नोकरीच्या शोधात फिरणाऱ्या मुलाला हे दोन्ही परवडत नाही.

'हा श्रीमंतांचा शौक आहे, त्यावर सरकारी पैसा कशाला?' असं विचारणारे भेटतात. आज तो श्रीमंतांचा आहे हे खरंच. गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर होणाऱ्या अर्ध्या आयर्नमॅनचं शुल्क, कार्बनची सायकल, विमानाचं भाडं हा खर्च पगारदारालाही विचारात पाडतो. पण मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात 'घाटाचा राजा' ठरणारा सायकलपटू सहसा श्रीमंताघरचा नसतो. शौक कुणाचा, हे अखेर पैसा कुठे लावला यावर ठरतं. दुसरा आक्षेप असा की, रेल्वे आणि सेनादल नोकऱ्या देतातच. देतात, आणि त्यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत दिसतात. पण जागा मोजक्या, आणि त्या आधीच पदक मिळवलेल्याला. अठरा ते पंचवीस या वयात पदकापर्यंत पोहोचायचं कसं, याचं उत्तर त्या भरतीत नाही. राज्याचं खेळाडूंसाठीचं पाच टक्के आरक्षणही पदकानंतरचंच आहे.

पैशाबरोबर सरावाची जागाही लागते. नागपुरात निदान रस्ता तरी हवा. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर दुकानं उघडली की पायी चालणंही मुश्कील होतं. उन्हाळ्यात तर सराव सकाळी सातच्या आत उरकावा लागतो. इथून निघणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे. वेगाचा विचार करता ती योग्यच. पण मग सायकलपटूंनी सराव वर्धा रोडच्या ट्रकांमध्ये करायचा का? अमित समर्थांसारख्यांनी याच शहरात सहनशक्तीच्या खेळांची अकादमी उभी केली. महापालिकेने तिच्या पुढे नाही, निदान मागे तरी उभं राहावं.

यात कोट्यवधींची योजना लागत नाही. विदर्भातल्या दहा-बारा शर्यतपटूंना तीन वर्षांचं मानधन, पहाटेच्या दोन तासांसाठी महापालिकेचा जलतरण तलाव विनाशुल्क, एक प्रशिक्षक आणि रविवारी सकाळी वाहनांना बंद केलेला एक रस्ता, एवढंच. पुढच्या अर्थसंकल्पात क्रीडा खात्याने आणि महापालिकेने याची तरतूद करावी.