खाद्यातली पुडी

माझ्या धाकट्या जावेनं गावी पाचशे ब्रॉयलर पिल्लांची शेड टाकली आहे. दिवाळीत गेले तर खाद्याच्या पोत्याशेजारी एक पुडी. “ताई, दुकानदार म्हणाला, रोज थोडी मिसळा, पिल्लं भराभर वाढतात.” वाचून पाहिलं तर चक्क अँटिबायोटिक!

ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो, तो निवडक जातीमुळे आणि मका-सोयाबीनच्या सकस खाद्यामुळे. (हार्मोनची इंजेक्शनं टोचतात, हा आपला गैरसमज!) खाद्यात मिसळायच्या सगळ्याच वस्तू काही वाईट नसतात. मका-सोयाबीनमधला बराचसा फॉस्फरस कोंबडीला पचत नाही. फायटेज नावाचं एन्झाइम घातलं की तो अंगी लागतो. उपयोगी जंतूंची, म्हणजे प्रोबायोटिकची पावडरही मिळते. पण धडधाकट पिल्लांना रोज थोडं थोडं अँटिबायोटिक दिलं की त्याला दाद न देणारे जंतू माजतात, आणि ते आपल्या घरापर्यंत पोचू शकतात. मग आपलं मूल आजारी पडलं की तेच औषध लागू पडत नाही. युरोपात वाढीसाठीचा हा वापर २००६ पासून बंद आहे. कोलिस्टिन तर माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं. आपल्याकडेही २०१९ मध्ये कोंबड्यांसाठी त्यावर बंदी आली.

जाऊ जरा फुरंगटली. “वजन कमी भरलं तर हप्ता तुम्ही भरणार का?” प्रश्न खोटा नव्हता. शेवटी दोघी मिळून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुडी ठेवून घेतली, आणि आधी शेडमधला ओला भुसा बदलायला सांगितला.