भाव नको, पट्टी बघा

धाकटा गावातून जाऊन-येऊन लातुरात नोकरी करतो. पगार २२ हजार. पुण्यातून ३५ हजाराचं बोलावणं आलं, तशी सगळी भावकी माझ्यावरच उठली. "पोराच्या आडवा कशाला येतोस?"

अरे, सोयाबीन विकताना नुसता भाव बघून घरी येता का? हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन पट्टीवर काय उरलं, ते बघता ना? मग पगाराची पट्टी कोण मांडणार? खोलीभाडं ७ हजार, मेसचे ४, येण्याजाण्याचे २. वरचे १३ हजार तिथंच जिरले. रात्री मोटार चालू करणारा, आईला दवाखान्यात नेणारा माणूस गेला, तो कुठल्या रकान्यात धरायचा?

धाकट्याला एवढंच म्हणालो, "नवं काम शिकायला मिळत असेल तर २५ वरही जा. नुसत्या आकड्यासाठी जाणार असशील, तर आधी पट्टी दाखव."