घरातला सेन्सॉर

दिवाळीत गावी गेलो होतो. सातारा जिल्ह्यातलं आमचं जुनं घर. सोप्यात आजोबांचा युनिफॉर्ममधला फोटो, आणि आता त्याच्या शेजारी लॅमिनेट करून फ्रेम केलेलं एक इनलँड लेटर. १९७१ सालचं. आजोबा सैन्यात ड्रायव्हर होते, त्या युद्धात पूर्व आघाडीवर होते. पत्त्याच्या जागी गाव नाही की शहर नाही, फक्त ९९ एपीओ. मजकूर असा, की देशाचं काम आहे, काळजी नसावी, थोरामोठ्यांना नमस्कार. येणारा प्रत्येक पाहुणा ते वाचतो, "वा!" म्हणतो आणि चहाचा कप उचलतो.

मी काकांना विचारलं, बाकीची पत्रं कुठायत? लहानपणी आजीच्या ट्रंकेत चांगला जाडजूड गठ्ठा पाहिला होता मी. काका म्हणाले, "अरे, त्यात काही नव्हतं. मनीऑर्डर पोचली का, गाय व्याली का, सोसायटीचा हप्ता भरला का, असलंच सगळं. आणि एकात तर चक्क लिहिलं होतं, रात्री झोप लागत नाही, भीती वाटते. फौजी माणसाला शोभतं का ते? घर रंगवताना दिली रद्दीत."

च्यायला! दोन दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. काकांशी भांडण करून उपयोग नव्हता, म्हणून इथे भांडतोय.

आता जरा इतिहास. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी सैन्याच्या पहिल्या तुकड्या फ्रान्सला मार्सेय बंदरात उतरल्या. इंग्रज सरकारला धास्ती, की हे शिपाई घरी काय लिहितात आणि घरून त्यांना काय लिहून येतं? म्हणून बुलोनला कॅप्टन हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली टपाल तपासायचं ऑफिस उघडलं. निवडक पत्रांतले उतारे इंग्रजीत भाषांतर करून वरिष्ठांना पाठवले जायचे. शिपायांनाही माहीत होतं की आपली पत्रं फोडली जातात, म्हणून ते सांकेतिक लिहायचे. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, हे तर प्रसिद्धच आहे. कित्येकांना लिहिताच येत नव्हतं, ते दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. घरीही कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं.

त्या सेन्सॉरचे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १९९९ मध्ये डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यातल्या शेकडो पत्रांचं पुस्तक काढलं. त्यात थंडी आहे, भीती आहे, पगार आहे, फ्रान्समधली शेती बघून वाटलेलं नवल आहे. मूळ पत्रं मात्र बहुतेक नाहीशी झाली. म्हणजे गंमत बघा, ज्याने पाळत ठेवायला पत्रं वाचली त्याच्याकडे ती उरली. ज्यांच्यासाठी जीव तोडून लिहिली, त्यांच्याकडे नाहीत.

आणि ही झाली फ्रान्सची गोष्ट. तिथले लिहिणारेही मुख्यतः उत्तरेकडचे. आपल्या मराठा पलटणी तेव्हा मोठ्या संख्येने इराकमध्ये, म्हणजे मेसोपोटेमियात होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा कुतचा वेढा १४७ दिवस चालला, त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्यातल्या एखाद्या शिपायाचं घरी आलेलं पत्र तुम्ही वाचलंय? मीही नाही. कोकणात, घाटावर ज्या घरांत अशी पत्रं आली असतील, तिथेही कधीतरी रंगकाम निघालंच असणार.

माझा मुद्दा साधा आहे. इंग्रजांचा सेन्सॉर निदान नोंद तरी ठेवायचा. घरातला सेन्सॉर तीही ठेवत नाही. तो फ्रेममध्ये बसेल तेवढा सैनिक ठेवतो आणि बाकीचा माणूस रद्दीत घालतो. २६ जानेवारीला स्टेटस टाकायला एक पत्र पुरतं ना! पण ज्याला भीती वाटत नव्हती, तो सकाळी उठून गाडी काढायचा यात कसलं आलंय कौतुक? रात्रभर झोप नाही, घरी हप्ता थकलाय, आणि तरी हा माणूस सकाळी दारूगोळ्याची गाडी घेऊन निघतो. शौर्य कशाला म्हणतात ते त्या फेकलेल्या पत्रात होतं, फ्रेममधल्या नव्हे.

यावर कोणी म्हणेल, नवराबायकोची खाजगी पत्रं आहेत, जगाला कशाला दाखवायची? मान्य. दाखवू नका. पण न दाखवणं वेगळं आणि संपवणं वेगळं. आणि ठरवायचं कोणी? ज्या बाईच्या नावाने पत्रं आली तिला त्या दिवशी कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी विचारलं. आजीला वाचता येत नाही, पत्रं शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे. ती म्हणाली, "ते झोपेचं पत्र वाचताना गुरुजी मधेच थांबलं. मी म्हनलं वाचा. मग त्यांच्याकडनंच उलट पत्र लिहून घेतलं, की हितं मलाबी झोप न्हाई." ते उत्तर कुठे गेलं? आघाडीवरचा माणूस घरची पत्रं किती दिवस बाळगणार? आमच्याकडे संवादाची एकच बाजू होती, तीही आम्ही विकली. किलोच्या भावाने!

मग आजीने पोथीच्या फडक्यातून चार पत्रं काढली. काकांना माहीत नव्हती ती. स्कॅन केली, तीन ठिकाणी कॉपी ठेवली (सवय, दुसरं काय :) ), आणि आजी सांगेल तसं प्रत्येकाखाली कोण, कुठे, कधी ते लिहिलं. मूळ पत्रं परत तिच्या फडक्यात.

तुमच्या घरी असा गठ्ठा असेल तर या वीकांताला उघडा. लॅमिनेशन मात्र करू नका, ते नंतर निघत नाही, कागद कायमचा जातो. आणि गाय, हप्ता, मनीऑर्डर असलेलं पत्र सर्वात आधी स्कॅन करा. देशभक्तीचं पत्र कोणीही जपेल.