मूळ प्रत आणि नक्कल

गेल्या वैशाखांत आंबिवलीस आमच्या नातवाची मुंज झाली. मातृभोजनाच्या वेळीं माझ्या ९१ वर्षांच्या आईनें थरथरत्या हातानें पणतवाच्या पानांत तूप वाढलें. आषाढांत ती गेली. तो क्षण पुन्हां पाहावा म्हणून चित्रण लावलें, तों मांडवाच्या सावलींत आईचा चेहरा म्हणजे नुसता काळोख! ज्यांना काम दिलें होतें त्यांच्याकडे मूळ चित्रण मागितलें. तें पुसून टाकल्याचें उत्तर आलें. दोष आमचाहि होता. काय मागून घ्यावयाचें असतें, हें आम्हांसच ठाऊक नव्हतें.

माझ्या भाच्यानें त्या प्रतीचा उजेड वाढवून पाहिला. चेहरा उमटेना, दिसले ते चौकोनी ठिपके आणि पायऱ्यापायऱ्यांच्या छाया. सुदैवानें तो स्वतःहि आपला कॅमेरा घेऊन कोपऱ्यांत उभा होता, व त्याचें चित्रण 'रॉ' पद्धतीचें होतें. त्याचा उजेड वाढवितांच आईच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धां स्पष्ट झाल्या.

'रॉ' म्हणजे कच्चें. कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडलेल्या प्रकाशाची ही नोंद रंग व उजेड यांचा शेवटचा निर्णय न करतां ठेवलेली असते. नेहमीच्या ८ बिटांच्या प्रतींत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात. १२ बिटांच्या नोंदींत ४०९६. शिवाय जागा वांचविण्यासाठीं नेहमीच्या प्रतींत अंधारांतले बारकावे डोळ्यांस जाणवणार नाहींत असें धरून टाकून दिले जातात. टाकलेलें परत येत नाहीं, आणि अशा प्रतीची पुन्हां प्रत काढली कीं आणखी गळती. कैरीच्या फोडी केल्यावर तिची अख्खी कैरी थोडीच होते?

जुन्या चित्रपटसंस्थांतून मूळ निगेटिव्ह जपून ठेवीत. कात्री चाले ती काम-प्रतीवर. शेवटीं तिच्या आधारें निगेटिव्ह जुळवीत. आजहि मार्ग तोच. प्रथम कार्डावरील चित्रणाच्या दोन प्रती करून त्या तंतोतंत जुळतात कीं नाहीं हें तपासावें. कापाकापी हलक्या नकलेवर करावी. रंग लावावयाचे ते मात्र मुळाशीं जोडून. मग १० बिटांची पक्की प्रत, आणि सर्वांत शेवटीं फोनसाठीं लहान प्रत. रॉ चित्रण जागा फार खातें, हें खरें. भाच्याच्या अर्ध्या तासास शंभर गिगाबाइटांहून अधिक लागले! पण ज्यांच्या घरीं यंदा कार्य आहे, त्यांनीं पैसे ठरवितांनाच मूळ चित्रणाची गोष्टहि ठरवून घ्यावी.

मूळ गेलें म्हणजे काय जातें, हें पुण्यानें पाहिलें आहे. ८ जानेवारी २००३ रोजीं तेथें नायट्रेट फिल्मच्या साठ्यास आग लागून फाळके व 'प्रभात' यांच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हांची राख झाली. आमच्या मोहोन्याच्या कारखान्यांत २००९ पर्यंत निघणारें रेयॉन व ती फिल्म हीं एकाच सेल्युलोजचीं भावंडें. मात्र नायट्रेटचा स्वभाव भारीच तापट.

आईचें तें अर्धें मिनिट भाच्यानें दोन डिस्कांवर उतरवून दिलें. मी तें लागलीच फोनवरून कल्याणास धाकट्या बहिणीकडे धाडूं लागलों, तों त्यानें हात धरला. "मामा, तसें नका पाठवूं, वाटेंतच त्याचा चोथा होईल. मावशीकडे मी स्वतः नेऊन देतों." दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें तो डिस्क घेऊन गेला.